लिपी सोडू नका, सोपी करा

पुढच्या वर्षापासून आपल्या वर्गात फक्त बोलणं शिकवावं आणि लिहायला रोमन अक्षरं वापरावीत, असं काही काका-मावशींनी मागच्या पालकसभेत सुचवलं. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. आपल्याला आठवड्याला दोनच तास मिळतात आणि त्यातला बराच वेळ काना-मात्रा-वेलांटीत जातो. तरीही मला हे पटत नाही. या उन्हाळ्यात मी शाळेच्या अभ्यास-सहलीला दोन आठवडे जपानला गेले होते. तिथे जे पाहिलं आणि शिकले, त्यावरून माझं मत सांगते.

जपानी मुलं तीन लिप्या शिकतात. हिरागाना आणि काताकाना या दोघींची मूळ अक्षरं ४६-४६. तिसरी कांजी, म्हणजे चीनमधून आलेली अक्षरं. पहिलीत ८० कांजी आणि सहावी संपेपर्यंत १०२६! त्यापुढे आपली बाराखडी म्हणजे खेळच.

महायुद्धानंतर, १९४६ साली, अमेरिकेहून आलेल्या शिक्षणतज्ज्ञांच्या मंडळाने जपानला रोमन लिपी घ्यायचा सल्ला दिला होता. जपानने तो मानला नाही. त्याऐवजी त्याच वर्षी रोजच्या वापरासाठी १८५० कांजींची यादी ठरवली आणि पुढे अनेक अक्षरांची रूपं सोपी केली. आज त्या यादीत २१३६ कांजी आहेत. मुलांच्या पुस्तकांत कांजीशेजारी बारीक हिरागानात उच्चार छापतात. त्याला फुरिगाना म्हणतात. म्हणजे त्यांनी लिपी ठेवली आणि शिकणं सोपं केलं.

रोमन लिपीत काय हरवतं तेही तिथे कळलं. जपानीत 'हाशी' म्हणजे पूल, जेवायच्या काड्या किंवा कड. कांजीत तिन्ही वेगळे दिसतात, रोमनमध्ये एकच. आपलंही तसंच आहे. काल, काळ, कल आणि कळ हे आपण रोमनमध्ये सहसा एकसारखेच लिहितो. मग वाचणाऱ्याने ओळखायचं कसं?

सगळ्यात नवल वाटलं ते कोयासानला. इ. स. ८१६ मध्ये कूकाई नावाच्या भिक्षूला या डोंगरावर मठ बांधायची परवानगी मिळाली. तिथल्या जुन्या दफनभूमीत दगडी स्तूपांवर सिद्धम् लिपीतली अक्षरं कोरलेली आहेत. ही लिपी भारतातून बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानला गेली. आपल्या देवनागरीची ती बहीणच, कारण दोघींचं मूळ ब्राह्मी. स्तूपावर खालून वर वाचलं तर अ, व, र, ह, ख : पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा, आकाश. जपानी अक्षरांचा क्रमसुद्धा आपल्या वर्णमालेवरून आला आहे : आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या च-वर्गाच्या जागी 'सा' आणि प-वर्गाच्या जागी 'हा', कारण जुन्या जपानीत 'हा'चा उच्चार 'पा' होता असं अभ्यासक मानतात. आपली वर्णमाला इतक्या लांब जाऊन टिकली आणि आपल्याच घरात नको झाली, तर कसं वाटेल?

कोणी म्हणेल, जपानी मुलं रोज शाळेत शिकतात, आपण आठवड्यातून एकदा. खरं आहे. पण परदेशात राहणाऱ्या जपानी मुलांसाठीही शनिवारच्या शाळा असतात आणि तिथेही कांजी शिकवतात.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, दर वर्गात लिपीला फक्त वीस मिनिटं द्यावीत, बाकी वेळ गप्पा, गोष्टी आणि नाटुकली. दुसरी, या अंकात लहान मुलांसाठी एक पान मोठ्या अक्षरांत छापावं आणि जोडाक्षरं फुरिगानासारखी खाली फोडून दाखवावीत. तिसरी, प्रत्येकाने महिन्यातून एकदा आजी-आजोबांना चार ओळींचं पत्र मराठीत लिहावं. चुका झाल्या तरी चालतील.

आजीशी फोनवर बोलायला लिपी लागत नाही, हे मान्य. पण तिची जुनी पत्रं आणि लाडवांच्या प्रमाणाची वही आपल्या घरातच आहे. ती वाचायला उद्या कोणीतरी हवं ना? पुढच्या पालकसभेत ठरवण्याआधी आई-बाबांनी एवढा विचार करावा आणि मुलांनाही त्यांचं मत विचारावं.

— एक विद्यार्थिनी, मोठा गट (इयत्ता १०वी)