क्वांतो कोस्ता?

नांदेडच्या बाजारात ज्याचे लहानपण गेले, त्याला परक्या भाषेची फारशी भीती वाटत नाही. १९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या नोटेवर रक्कम उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीतही छापलेली असे. नोटा गेल्या, भाषा राहिल्या. देगलूरकडचे गिऱ्हाईक तेलुगूत 'एंत?' विचारते, लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्त्यांपैकी एखाद्याने आलेला बीदरकडचा माणूस कानडीत 'एष्टु?' म्हणतो, आणि सचखंड गुरुद्वाऱ्यापाशी कडी विकणारा मराठी दुकानदार पंजाबी यात्रेकरूच्या 'किन्ने दा?'ला पंजाबीतच उत्तर देतो. दखनी बोलीने तर आपला 'नको' उचलून त्याचा 'नक्को' केला!

हे सर्व आठवण्याचे कारण आमच्या परिचयाच्या, लातूरच्या एक मावशी. मुलगा नोकरीनिमित्त इटलीत, मिलानला. त्याच्याकडे दोन महिने जायचे ठरले, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "सर, तिथं मी तोंडच उघडणार नाही. सूनबाई बोलेल, मी पिशवी धरीन." मोंढ्यात तीस वर्षे डाळ पारखून घेतलेल्या बाईने पिशवी धरून मुके उभे राहायचे, हे मला पटेना. मुलांकडे परदेशी जाणाऱ्या कितीतरी आईबापांचे हेच होते. पैशाची नव्हे, शब्दांची अडचण त्यांना परावलंबी करते.

मी त्यांना मोजकी वाक्ये लिहून दिली. वाचकहो, आपणही हा कागद जपून ठेवावा.

दुकानात शिरताच 'बुओनजोर्नो', म्हणजे नमस्कार. तिकडे मुकाट्याने आत शिरणे असभ्यपणाचे समजतात. 'क्वांतो कोस्ता?' म्हणजे केवढ्याला? 'वोर्रेई क्वेस्तो', मला हे हवे. 'त्रोप्पो कारो', फार महाग. 'मी फा उनो स्कोन्तो?', काही सूट द्याल का? हे शेवटचे वाक्य उघड्यावरच्या बाजारात चालते. काचेच्या दुकानांत भाव ठरलेले असतात. आणि 'नो, ग्रात्सिए' म्हणजे नको, आभारी आहे. चीज घेताना 'उन एत्तो' म्हणावे, म्हणजे शंभर ग्रॅम. फळे मात्र हाताने चिवडू नयेत. बोटाने दाखवावीत, दुकानदार काढून देतो. कित्येक दुकाने दुपारी बंद असतात. पुणेकरांना तिथे अगदी घरच्यासारखे वाटेल!

इटालियन शब्द बहुधा स्वरान्त असतात आणि जोडाक्षर ठसठशीत उच्चारतात. म्हणून ते आपल्या देवनागरीत सोयीने बसतात. शिवाय काही शब्द आपल्या ओळखीचेच निघतात. पोर्तुगीजांनी आपल्याला 'पगार' दिला. इटालियनमध्ये 'पागारे' म्हणजे पैसे देणे. आपली चावी तिकडे 'क्यावे', आपला साबण 'सापोने', बटाटा 'पाताता'. पोर्तुगीज आणि इटालियन या दोन्ही लॅटिनच्या लेकी. म्हणजे गोव्याच्या वाटेने आलेल्या पाहुण्यांची ही मावसभावंडेच म्हणायची.

मावशींनी कागद देव्हाऱ्याजवळ ठेवला आणि रोज सकाळी पूजेनंतर मोठ्याने वाचला. शेजारच्या मुलांना वाटे, नवे स्तोत्र आहे! मिलानला पोचल्यावर आठव्या दिवशी त्यांचा फोन आला. सूनबाई कामावर असताना त्या एकट्या कोपऱ्यावरच्या बाजारात गेल्या होत्या आणि एक किलो टोमॅटो घेऊन आल्या होत्या. "भाव कमी केला का त्यानं?" मी विचारले. "नाही केला," त्या म्हणाल्या, "पण मी विचारलं की!"

टोमॅटो महागच पडले असतील. पण त्या दिवशी घरातल्या स्वयंपाकाचे त्यांनी स्वतः ठरवले. पाच-सहा वाक्यांच्या मोबदल्यात हा सौदा मला स्वस्त वाटतो. यंदाच्या दिवाळीत परदेशी निघणाऱ्या आईवडिलांच्या सामानात चकल्यांच्या डब्याबरोबर असा एक कागदही ठेवा. चकल्या चार दिवसांत संपतील; कागद परतीच्या प्रवासापर्यंत पुरेल.