नॉर्मल रिपोर्टची शिक्षा

"रिपोर्ट नॉर्मल आहेत, काळजीचं काही नाही." हे ऐकून घरचे हुश्श करतात आणि ज्याचं पोट दुखतं तो पेचात सापडतो. कालपर्यंत तो आजारी होता. आजपासून त्याच्याकडे संशयाने बघितलं जातं. सोनोग्राफी झाली, एन्डोस्कोपी झाली, रक्त, लघवी, संडास सगळं तपासून झालं, तरी जेवणानंतर तासाभराने बेंबीभोवती तीच कळ येते. मग घरात कुणीतरी म्हणतं, "सगळं मनाला लावून घेतो ना, म्हणून होतं." ऑफिसातले साहेब विचारतात, "तुमचं नेमकं सोमवारीच कसं दुखतं हो?" आणि डॉक्टर पुन्हा एकदा पॅन्टोप्रॅझोलच लिहून देतात, या खेपेला सोबत झोपेची गोळी.

महिनोन्‌महिने पोट दुखतं आणि नेहमीच्या तपासण्यांत काही सापडत नाही, अशी माणसं प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. त्यांच्याबद्दल तीन मतं मोठ्या ठामपणे मांडली जातात. पहिलं, काही सापडलं नाही म्हणजे काही नाहीच, मनाचे खेळ. दुसरं, सापडत नाही म्हणजे तपासण्या कमी पडल्या, आणखी करा. तिसरं, जे दुखतंय ते एकदाचं काढून टाका. वरवर पाहता ही मतं एकमेकांच्या विरुद्ध आहेत, पण तिन्हींच्या मुळाशी हट्ट एकच आहे: दुखणं खरं असेल तर शरीरात त्याची दिसणारी जागा असलीच पाहिजे. हा हट्टच मुळात चुकीचा आहे.

आधी 'मनाचे खेळ' घेऊ. सोनोग्राफी खडे, गाठी, पाणी, अवयवांचा आकार दाखवते. दुर्बीण आतड्याचं अस्तर दाखवते, तेही वरून आणि खालून. मधल्या लहान आतड्याचा बराचसा भाग नेहमीच्या दुर्बिणीच्या आवाक्याबाहेरच राहतो. पोटातल्या नसा कशा वागतात, आतडं किती जोराने आकसतं, साध्या वाऱ्यालाही ते किती संतापतं, हे या यंत्रांना दिसत नाही आणि ते त्यांचं कामही नव्हे. घराचा फोटो काढून आतल्या भांडणाचा पत्ता लागत नाही. आतड्यात छोटा फुगा घालून तो हळूहळू फुगवण्याचे प्रयोग १९७०च्या दशकापासून झाले आहेत. जेवढ्या फुगवण्याने निरोगी माणसाला नुसतं भरल्यासारखं वाटतं, तेवढ्यानेच अशा अनेक रोग्यांना कळ येते. मोजून दाखवता येणाऱ्या या फरकाला 'खेळ' म्हणणं अडाणीपणाचं आहे.

यावर विचारलं जातं, मनाचा संबंध असतोच ना? असतो. आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक चेतापेशींचं स्वतंत्र जाळं आहे आणि त्याची मेंदूशी अखंड देवाणघेवाण चालते. परीक्षेच्या सकाळी पोट बिघडतं ते याचमुळे. पण ताणाने दुखणं वाढतं याचा अर्थ ताणाने ते जन्माला आलं असा होत नाही, आणि ते खोटं आहे असा तर मुळीच होत नाही. दाढदुखीही रात्री एकटं पडल्यावर जास्त जाणवते. म्हणून कोणी किडलेल्या दाढेला मनाचा खेळ म्हणत नाही.

शिवाय मनावर ढकलण्याची ही सवय वैद्यकाला पूर्वी चांगलीच महागात पडली आहे. जठरातला अल्सर तर दुर्बिणीतून दिसणारी जखम. तरीही कित्येक दशकं तो चिंता, धावपळ आणि तिखट खाण्याच्या माथी मारला जात होता. १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. लोक ऐकेनात, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचा द्रव स्वतःच पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. ज्यांना 'फार विचार करू नका' असं सांगून घरी पाठवलं होतं, त्यांच्यातल्या बहुतेकांना खरी गरज प्रतिजैविकांची होती. कारण सापडलं नाही, हे आपल्या आजच्या ज्ञानाबद्दलचं विधान आहे. ते रोग्याच्या स्वभावाबद्दलचं प्रमाणपत्र नाही.

दुसरं मत सुशिक्षित घरांत जास्त चालतं. पैसे आहेत, विमा आहे, मग सीटी करा, एमआरआय करा, होल बॉडी पॅकेज घ्या, कुठेतरी सापडेलच. सापडतंच, हीच तर अडचण आहे. चाळिशी ओलांडलेल्या कोणाचंही पोट पुरेशा बारकाईने पाहिलं तर यकृतावर थोडी चरबी, मूत्रपिंडात एखादं निरुपद्रवी सिस्ट, पित्ताशयात दोनचार खडे असं काही ना काही निघतं. त्यातलं बरंचसं दुखण्याशी संबंध नसलेलं असतं, पण एकदा कागदावर आलं की ते आरोपी ठरतं. त्यात पोटाच्या एका सीटी स्कॅनमधून छातीच्या साध्या एक्सरेच्या सुमारे शंभरपट किरणोत्सर्ग शरीरात जातो. दर नव्या डॉक्टरने तो नव्याने करून घेणं म्हणजे सावधपणा नव्हे.

याचा अर्थ तपासण्या नकोत असा कोणी काढू नये. वजन आपोआप घटतंय, संडासवाटे रक्त जातंय किंवा संडास काळी होतेय, रक्त कमी झालंय, संध्याकाळी कसकस येते, दुखण्याने रात्री झोपेतून जाग येते, कावीळ आहे, गिळताना अडतं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखू लागलंय, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर होता: यातलं एक जरी असेल तरी तपासणी ताबडतोब आणि पुरती व्हायला हवी. आपल्या देशात तर पोटाचा टीबी विसरून चालतच नाही. लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं तिथे तो बऱ्याचदा दडून बसतो, आणि क्रोन्स या आजाराशी त्याचं इतकं साम्य असतं की मुरलेले डॉक्टरही गोंधळतात. मुद्दा एवढाच की तपासणीमागे शंका हवी. शंका नसताना केलेली तपासणी म्हणजे अंधारात मारलेला दगड. कोणाला ना कोणाला तो लागतोच.

तिसरं मत सगळ्यात घातक, आणि त्याची किंमत महाराष्ट्राने चुकवली आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भपिशवी मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचं २०१९ मध्ये उजेडात आलं. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. या बायकांची तक्रार काय होती? ओटीपोटात दुखतं, अंगावरून पांढरं जातं, पाळी अनियमित आहे. पहाटेपासून फडात वाकून तोड, डोक्यावर मोळी, पालावर ना संडास ना पुरेसं पाणी. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि एक दिवस पडून राहिलं की खाडा. अशा बाईला 'पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल' असं सांगितलं की ती कर्ज काढून ऑपरेशन करून घेते. संसर्गावर औषध, स्वच्छतेची सोय, विश्रांती यांपैकी काहीही न देता थेट अवयवच काढला. त्यानंतरही अनेकींची कंबर आणि पोट दुखतच राहिलं. निदानाशिवाय केलेली शस्त्रक्रिया याहून वेगळी काय असते?

शहरातल्या शिकलेल्या मुलीची कथा उलट्या टोकाची, पण त्याच जातीची. पाळीच्या दिवसांत ती गडाबडा लोळते, आणि तिला सांगितलं जातं, "बाईच्या जातीला हे असायचंच, लग्नानंतर थांबेल." एन्डोमेट्रिऑसिस हा आजार जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननवयातल्या दर दहा बायकांमागे एकीला असतो. साधी सोनोग्राफी बऱ्याचदा त्यात नॉर्मल येते, आणि नाव कळेपर्यंत कित्येक वर्षं निघून जातात. एकीचं दुखणं ऐकून घेण्याआधीच पिशवी काढली, दुसरीचं ऐकलंच नाही. गुन्हा एकच.

मग करायचं काय? माझं म्हणणं असं: अशा दुखण्याचं निदान बहुतेक वेळा होऊ शकतं, पण ते यंत्रातून कमी आणि विचारण्यातून, हाताने तपासण्यातून जास्त निघतं. 'सगळं वगळून काही उरलं नाही' ही त्याची वाट नव्हे. आतड्याच्या अशा विकारांसाठी रोम निकष नावाची आंतरराष्ट्रीय चौकट आहे. तिची चौथी आवृत्ती २०१६ची. गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखणं, सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची, आणि त्या दुखण्याचा संडासला जाण्याशी, जाण्याच्या वेळा बदलण्याशी, संडासचं स्वरूप बदलण्याशी यांपैकी दोन तरी बाबतींत संबंध. हे जुळलं आणि धोक्याची लक्षणं नसली, तर मोजक्या तपासण्यांनंतर आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) असं ठामपणे म्हणता येतं. 'बहुतेक गॅस असेल' आणि 'तुम्हाला आयबीएस आहे' या दोन वाक्यांत रोग्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

त्याहून साधं उदाहरण कार्नेटच्या चाचणीचं. १९२६ साली एका अमेरिकन शल्यविशारदाने ती वर्णिली. रोग्याला उताणं झोपवायचं. दुखतं ती जागा त्याने एका बोटाने दाखवायची, डॉक्टरने तिथेच बोट दाबून धरायचं, आणि हात छातीवर बांधून डोकं व खांदे उचलायला सांगायचं. पोटाचे स्नायू ताठ झाले की आतले अवयव त्यांच्यामागे झाकले जातात. तरीही दुखणं तेवढंच राहिलं किंवा वाढलं, तर ते आतलं नसून पोटाच्या भिंतीतलं असण्याची शक्यता मोठी. बऱ्याचदा स्नायूत अडकलेली एखादी बारीक नस. तिथेच भूल देणारं इंजेक्शन दिलं आणि काही मिनिटांत कळ विरली, तर निदानही झालं आणि उपचारही. खर्च जवळपास शून्य, वेळ मिनिटभर. पण रोग्याला टेबलावर झोपवल्याशिवाय, पोटाला हात लावल्याशिवाय हे होणार कसं?

विचारण्याची ताकदही अशीच. अठराव्या शतकात इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात सफरचंदाचं मद्य पिणाऱ्यांना भयंकर पोटशूळ होई. फळाच्या आंबटपणाने होतं, असं लोक धरून चालले होते. जॉर्ज बेकर या वैद्याने मद्य गाळण्याची यंत्रं कशाची बनतात याची चौकशी केली, आणि १७६७ मध्ये दोष त्यांतल्या शिशाचा असल्याचं दाखवून दिलं. आज आपल्याकडे भेसळीच्या हळदीत आणि काही रसौषधांत शिसं सापडल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा 'कोणाकडून पुडी घेता का?' हा प्रश्न न रागावता विचारला गेला पाहिजे, आणि रोग्यानेही उत्तर लपवू नये. 'पूर्वी असं काही झालं होतं का?' हाही तसाच. कॅनडातल्या वॉकरटन गावात २००० साली पिण्याचं पाणी दूषित होऊन दोन हजारांवर लोक आजारी पडले. जुलाब थांबले, पण त्यांच्यात पुढची कित्येक वर्षं आयबीएसचं प्रमाण इतरांहून बरंच जास्त राहिलं. दोन वर्षांपूर्वीचे जुलाब आजच्या दुखण्याचं मूळ असू शकतात, आणि ते कुठल्याही स्कॅनमध्ये दिसत नाहीत.

नाव मिळालं की उपचारही मिळतो. इंग्लंडमध्ये आयबीएसच्या ४६३ रोग्यांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी मात्रेतलं अमिट्रिप्टिलिन बनावट गोळीपेक्षा सरस ठरलं. आपल्याकडे मात्र औषधाच्या दुकानात 'ही डिप्रेशनची गोळी आहे' असं कानावर पडतं आणि रोगी ती कचऱ्यात टाकतो. ही गोळी इतक्या कमी मात्रेत नसांचा वेदनेला मिळणारा प्रतिसाद मंदावण्यासाठी दिली जाते, हे डॉक्टरांनी चिठ्ठी लिहितानाच सांगायला हवं. कांदा, लसूण, गहू, राजमा यांतल्या काही शर्करा अनेकांना बाधतात. आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने काही आठवडे त्या टाळून मग एकेक परत आणण्याची पद्धत मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने घालून दिली आहे. पण स्वतःच्या मनाने एकेक पदार्थ सोडत शेवटी दहीभातावर येणं म्हणजे उपचार नव्हे. आणि पोटदुखीवर वेदनाशामक गोळ्या गिळत राहणं तर अल्सरला आमंत्रणच.

दोन आक्षेप उरतात. पहिला डॉक्टरांचा: ओपीडीत एवढा वेळ कुठून आणायचा? रोग्याने आजवर पालथ्या घातलेल्या दवाखान्यांतला वेळ मोजा; एकाच ठिकाणी दिलेला अर्धा तास त्यापुढे स्वस्त पडतो. दुसरा घरच्यांचा आणि साहेबांचा: प्रत्येकाचं खरं मानलं तर कामचुकारांचं फावेल. थोड्यांचं फावेलही. पण त्यांना पकडण्यासाठी खरोखर दुखणाऱ्या सगळ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं हा कुठला न्याय?

रोग्याचंही थोडं कर्तव्य आहे. कॅरीबॅगभर रिपोर्ट टेबलावर ओतण्यापेक्षा एका कागदावर लिहून न्या: कुठे दुखतं, कधीपासून, खाण्याशी, संडासशी, पाळीशी काय संबंध, कोणती औषधं, कोणत्या पुड्या. दर महिन्याला डॉक्टर बदलू नका. एक धरा आणि त्यांना तीन प्रश्न विचारा. तुम्हाला कशाची शक्यता वाटते? कशाची वाटत नाही, आणि का? काय झालं तर मी लगेच परत यावं? या तीन प्रश्नांची उत्तरं देणारा डॉक्टर सोडू नका, आणि ते विचारले म्हणून चिडणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.