मागे कुणी नाहीये!

‘तू सारखी मागे काय बघतेयस?’

माझ्या मैत्रिणीनं पहिल्या दोन किलोमीटरमध्ये हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी खरंच मागे बघतेय. दर दहा-पंधरा सेकंदांनी. तेही उजव्या खांद्यावरून! फ्रान्समध्ये गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगानं जातात, म्हणजे बघायचंच असेल तर डावीकडून बघायला हवं. पण तो प्रश्नच नव्हता. कारण आम्ही ज्या वाटेवर होतो तिथे मागून गाडी येणारच नव्हती. कार नाही, बाइक नाही, टेम्पो नाही, काही नाही. मागे होती फक्त द्राक्षांची शेतं आणि एक कुत्रा. तोही साखळीला बांधलेला.

आता ही मान वळवण्याची सवय कुठून आली ते सांगते. चार वर्षांपूर्वी, ऑफिसातून घरी येताना, नळ स्टॉपच्या अलीकडे एका कारनं मागून माझ्या हँडलला घासलं. मी पडले. मनगटात प्लेट आली, दोन महिने डाव्या हातानं टायपिंग केलं (त्या काळात पाठवलेले लेख माझ्या एडिटरनं अजून जपून ठेवलेत, ब्लॅकमेलसाठी). हात बरा झाला. सायकल मात्र जिन्याखाली गेली ती गेलीच. आई म्हणाली, ‘झालं ते बरंच झालं.’ बाबा काही बोलले नाहीत. अख्खं पुणं सायकलवर होतं त्या काळात ते वीस वर्षं सायकलवरून नोकरीला गेलेले. त्यांना ते लागलं असावं.

तर, गेल्या सप्टेंबरात मी लियाँला गेले. मैत्रीण तिथे आयटीत आहे. फ्रीलान्सरनं व्हिसासाठी बँक स्टेटमेंट दाखवणं हा एक स्वतंत्र विनोदी लेख होईल, तो पुन्हा कधीतरी. शुक्रवारी रात्री मैत्रिणीनं जाहीर केलं, ‘उद्या सायकलनं बर्गंडी.’ मी नाही म्हटलं. ती म्हणाली, ‘गाड्या नाहीत.’ मी म्हटलं, ‘कमी म्हणजे किती कमी?’ ती म्हणाली, ‘कमी नाही गं. नाहीतच.’

याला ते लोक ‘व्होआ व्हेर्त’ म्हणतात, म्हणजे हिरवी वाट. इंजिन असलेल्या वाहनांना इथे सरळ बंदी. सायकल, स्केट्स, पायी चालणारे, बाबागाडी ढकलणारे आई-बाप... एवढ्यांनाच प्रवेश. फ्रान्समधली पहिली अशी वाट १९९७ मध्ये इथेच सुरू झाली, जिव्री ते क्लुनी, ४४ किलोमीटर. नंतर ती दक्षिणेला माकाँ शहराच्या दारापर्यंत वाढवली. आज माकाँपासून शालाँपर्यंत साधारण सत्तर किलोमीटर तुम्ही बर्गंडीच्या ऐन द्राक्षमळ्यांतून जाऊ शकता. आम्ही ते दोन दिवसांत केलं. सराव असलेली माणसं एका दिवसात करतात. पण मग चीज कधी खाणार?

यातली खरी गंमत पुढे आहे. ही वाट म्हणजे एक मेलेली रेल्वे आहे. इथून आगगाडी जायची. ती बंद झाली, रूळ उखडले आणि त्या पट्ट्यावर डांबर घातलं. याचा सायकलवाल्याला काय फायदा? प्रचंड! आगगाडीला चढ झेपत नाही. शंभर मीटर पुढे जाताना ती जेमतेम एखाद-दोन मीटर वर चढू शकते. म्हणून ज्या इंजिनिअरांनी ही लाइन आखली त्यांनी टेकड्या कापल्या, खोलगट जागी भराव घातले, वळणं लांबट ठेवली. त्यांनी ते कोळशाच्या इंजिनासाठी केलं. दीडेकशे वर्षांनी त्याचा लाभ झाला चार वर्षं पेडलला पाय न लावलेल्या माझ्यासारखीला. जुनी स्टेशनं अजून उभी आहेत, कुठे सायकली भाड्यानं मिळतात, कुठे माहिती केंद्र.

(माझं आजोळ यवतमाळचं. तिथली मूर्तिजापूरला जाणारी नॅरोगेजची ‘शकुंतला’ बंद पडली, तेव्हा मामा हळहळला होता. त्याला मी या वाटेचे फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘छान आहे. पण आम्हाला गाडी हवी.’ बरोबर आहे त्याचं. फ्रान्समधल्या त्या गावांकडे आज प्रत्येकाकडे कार आहे, म्हणून त्यांना रूळ उखडणं परवडलं.)

लियाँहून माकाँला पॅसेंजर गाडीनं पाऊणएक तासात पोचतो. सायकली गाडीतच चढवल्या. माझी सायकल मैत्रिणीच्या रूममेटची, आणि तो सव्वासहा फूट. सीट तळापर्यंत खाली करूनही माझे अंगठेच जमिनीला लागत होते. शहरातून वाटेच्या तोंडापर्यंत थोडा साधा रस्ता आहे, तिथे मी सायकल हातात धरून चालत गेले. हो, फुटपाथवरून. मैत्रीण काही बोलली नाही. मैत्रीण असावी तर अशी.

माकाँ म्हणजे कवी लामार्तिनचं गाव. जन्म १७९०, कविता करता करता १८४८ च्या क्रांतीत परराष्ट्रमंत्री झाला. वाटेला लागल्यावर त्याच्या लहानपणाचं मिली गाव बाजूला राहतं, पुढे बेर्झेचा किल्ला टेकडीवर दिसतो. पण मला त्या दिवशी लामार्तिनपेक्षा बोगद्याची चिंता होती.

ब्वा क्लेर. शब्दशः अर्थ ‘उजेडाचं रान’. नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला सलाम! कारण हा आहे १.६ किलोमीटर लांब, जुना रेल्वेचा बोगदा. आत मंद दिवे, वरून टपटप पाणी, आणि बाहेर ऊन असताना आत जॅकेट घालावं लागेल इतका गारवा. हिवाळ्यात तो बंद असतो. का? तर वटवाघळं झोपायला येतात! त्यांची झोपमोड नको म्हणून माणसांनी तेवढे महिने डोंगरावरून वळसा घालून जायचं. मला हे फार आवडलं.

आत गेल्यावर मात्र काही आवडेना. निम्म्यात पोचले आणि मागून आवाज आला. घुर्रर्र... वाढत वाढत. बोगद्यात आवाज कुठून येतोय ते कळत नाही, तो सगळीकडूनच येतो. मी ब्रेक दाबले, उडी मारली, भिंतीला चिकटले आणि डोळे मिटले. मनगटातली प्लेट गार पडल्याचं अगदी स्पष्ट जाणवलं. (डॉक्टर म्हणतात असं होत नाही. त्यांना काय विचारायचं!)

‘बोंजूर!’

सत्तरीचं जोडपं. इलेक्ट्रिक सायकली. आजींच्या पुढच्या बास्केटमध्ये पावाची लांबलचक लादी. दोघं शांतपणे माझ्या बाजूनं गेले आणि पुढे अंधारात गप्पा मारत राहिले. मी तिथेच पाच मिनिटं उभी राहून हसले. मग थोडी रडले. मग पुन्हा सायकलवर बसले, कारण तिथे उभं राहून थंडी वाजत होती.

बोगद्यातून बाहेर पडलं की उतार, आणि उताराच्या पायथ्याशी क्लुनी. हे गाव बघताना एक हिशेब डोक्यात ठेवा. इथला मठ सन ९१० मध्ये स्थापन झाला. १०८८ मध्ये त्याच्या तिसऱ्या चर्चचं काम सुरू झालं आणि ते झालं १८७ मीटर लांब. रोममध्ये आजचं सेंट पीटर्स उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगात याहून मोठं चर्च नव्हतं. मग फ्रेंच राज्यक्रांती झाली, १७९८ मध्ये मठ विकला गेला आणि पुढची पंचवीसेक वर्षं लोकांनी तो दगडाच्या खाणीसारखा वापरला. आज साधारण दहावा हिस्सा उरलाय. एक प्रचंड आडवी बाजू, तिच्यावर अष्टकोनी मनोरा, आणि पुढे रिकामी जागा. गावातल्या घरांच्या भिंतींत, सरकारी घोड्यांच्या पागेत, सगळीकडे तेच दगड. आणि मठाच्या उरलेल्या इमारतींत आहे चक्क इंजिनिअरिंग कॉलेज! संन्याशांच्या आवारातून पोरं लॅपटॉप घेऊन सबमिशनला पळताना दिसली. चेहरे आपल्याकडच्यासारखेच, रात्रभर न झोपलेले.

दुसऱ्या दिवसाची गोष्ट सांगायला फार नाही, आणि तेच त्याचं वैशिष्ट्य. ग्रोन नावाची छोटी नदी, पांढऱ्या शारोले गाई, डावी-उजवीकडे हजार वर्षं जुन्या चर्चचे बुटके मनोरे. टेकडीवर तेझे गाव दिसतं. ब्रदर रॉजर १९४० मध्ये इथे आले, त्यांनी स्थापन केलेल्या समुदायाकडे उन्हाळ्यात जगभरची तरुण मुलं येतात, तंबूत राहतात. पुढे कॉर्मातँ. सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा महाल, भोवती पाण्याचा खंदक, आत सोनेरी रंगकाम. आम्ही पोचलो दुपारी सव्वाबाराला, पोटात कावळे. एक सूचना देऊन ठेवते... फ्रान्समधल्या खेड्यात दुपारी बारा ते दोन दुकान उघडं सापडणं हा योगायोग असतो, आणि त्यात रविवार म्हणजे संपलंच. बेकरीचं शटर आमच्या डोळ्यांसमोर खाली आलं. शेवटी खंदकाच्या काठाला बसून आईनं दिलेला चिवडा आणि कालचं शेळीच्या दुधाचं चीज खाल्लं. करून बघा. चिवड्याच्या तिखटावर ते आंबूस चीज चांगलं लागतं.

कॉर्मातँनंतर शेतं, मग पुन्हा द्राक्षं. या भागात शार्दोने नावाचं खरंखुरं गाव आहे, हे मॅनेजरसोबतच्या पुढच्या डिनरला ऐकवायला हरकत नाही. काढणी चालू होती. मळ्यांतून माणसांचे आवाज यायचे, माणसं दिसायची नाहीत. एका लांब सरळ पट्ट्यावर मैत्रीण पुढे गेली. मी एकटीच. पेडल, श्वास, टायरचा डांबरावरचा बारीक आवाज. ब्युक्सीला ती बाकावर माझी वाट बघत बसली होती. म्हणाली, ‘तू आज सकाळपासून एकदाही...’ आणि थांबली. मी म्हटलं, ‘काय?’ म्हणाली, ‘काही नाही. पाणी पी.’

मला पुढे शालाँच्या स्टेशनवर, सायकल डब्यात चढवताना कळलं ती काय म्हणणार होती.

तुम्हाला जायचं असेल तर मे-जून किंवा सप्टेंबर. पॅरिसहूनही माकाँच्या बाहेरच्या स्टेशनापर्यंत टीजीव्हीनं पावणेदोन तासांच्या आत पोचता येतं. सायकल न्यायची नसेल तर क्लुनीला भाड्यानं मिळते, पण परत तिथेच द्यावी लागेल असं धरून प्लॅन करा. हेल्मेट, रेनकोट, बोगद्यासाठी दिवा, रविवारसाठी खाणं. फिटनेस? तुमच्या ऑफिसचे तीन जिने न थांबता चढत असाल तर पुरे.

पुण्याला आल्यावर पहिल्या रविवारी जिन्याखालची सायकल काढली. बाबांनी न विचारता फडकं आणलं. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांनी टायर दाबून बघितले आणि मान हलवली.

‘ताई, ट्यूब गेल्यात. टायरपण गेलेत. चेन तर बघूच नका. किती वर्षं पडून आहे?’

‘चार.’

‘घ्यायची तरी नवी.’

‘हीच करा. आणि काका, एक आरसा लावून द्या. उजव्या बाजूला.’