आधी ब्रीदर तपासा, मग टर्बो लावा

शिरोली एमआयडीसीत आमचं रिबोअरिंगचं वर्कशॉप आहे. वडिलांच्या काळात ट्रॅक्टर आणि ट्रकची इंजिनं यायची. आता त्यांच्या जोडीला ड्रॅग रेसिंगचं वेड लागलेली पोरं गाड्या घेऊन येतात. मोठा टर्बो, नवे इंजेक्टर, रिमॅप केलेला ईसीयू यांवर सढळ हातानं पैसा गेलेला असतो. ब्रीदरची नळी मात्र कंपनीनं दिली तीच असते, नाहीतर उपटून गिअरबॉक्सशेजारी खाली सोडलेली असते. माझं मत ठाम आहे. ज्या गाडीत क्रँककेसमधला वायू बाहेर काढायची नीट सोय नाही, तिला शर्यतीच्या पट्टीवर उतरू देऊ नये.

कोणतीही पिस्टन रिंग शंभर टक्के सील करत नाही. जळालेला थोडा वायू रिंगांच्या कडेनं खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. यालाच ब्लो-बाय म्हणतात. मुरलेला ट्रॅक्टर मेकॅनिक ऑइलचं झाकण काढून इंजिनाची तब्येत सांगतो, तो हाच धूर बघून. रोजच्या वापरातल्या गाडीत हा वायू पीसीव्ही व्हॉल्व्हमधून परत इनटेकमध्ये ओढला जातो. धुरक्यानं हैराण झालेल्या कॅलिफोर्नियात 1961 च्या मॉडेलपासून नव्या अमेरिकी गाड्यांना ही सोय आली. मात्र हा व्हॉल्व्ह इनटेक मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमच्या जोरावर ओढतो. थ्रॉटल पूर्ण उघडला की तो व्हॅक्यूम जवळजवळ संपतो; टर्बो असेल तर तिथं उलट दाब येतो. ब्लो-बाय सगळ्यात जास्त असतो नेमका तेव्हाच हा रस्ता बंद पडतो. मग तो वायू ऑइल सील, गॅस्केट, डिपस्टिक, जिथून जागा मिळेल तिथून तेल घेऊन बाहेर पडतो. तापलेल्या एक्झॉस्टवर ते पडलं तर आग लागते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत खेचणारे टायर तिथून हातभर अंतरावर असतात.

जुनी बुलेट वापरणाऱ्यांना हे पटकन कळेल. एकाच सिलिंडरचा मोठा पिस्टन खाली येतो तेव्हा क्रँककेसमधली हवा ब्रीदरच्या रबरी व्हॉल्व्हमधून बाहेर ढकलली जाते, आणि पिस्टन वर जाताना तो व्हॉल्व्ह मिटतो. रबर कडक होऊन चिरलं की बुलेट जागोजागी तेल गाळायला लागते. लोक सील बदलत बसतात आणि दोष ब्रीदरमध्ये असतो.

अमेरिकेत पाव मैलाच्या, म्हणजे 402 मीटरच्या शर्यतींत इंजिन बांधणाऱ्यांनी या प्रश्नावर अनेक वर्षं डोकं चालवलं आहे. काहींनी क्रँककेसची नळी एक्झॉस्टच्या पाइपात तिरकी जोडून, मध्ये एकदिशी व्हॉल्व्ह बसवून वेगानं जाणाऱ्या धुराकडूनच वायू ओढून घेतला. काहींनी प्रदूषण कमी करण्यासाठी रस्त्यावरच्या गाड्यांना बसवलेला एअर पंप काढला आणि त्याची ओढणारी बाजू क्रँककेसला जोडली. आज पट्ट्यावर चालणारे खास व्हॅक्यूम पंप मिळतात. नेहमीच्या, म्हणजे तळाच्या चेंबरमध्ये तेल साठवणाऱ्या इंजिनात या पंपांनी साधारण 10 ते 15 इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम ठेवतात. खाली दाब कमी असला की रिंगा चांगल्या बसतात. कमी ताणाच्या ऑइल रिंगा वापरता येतात, त्यामुळे घर्षण घटतं. तेल वर ज्वलनकक्षात शिरत नाही, त्यामुळे डिटोनेशनचा धोका कमी होतो. ताकद खरोखर वाढते.

हे वाचून कुणी लगेच पंप मागवू नये. व्हॅक्यूम हवा तेवढाच राहावा म्हणून रेग्युलेटर लागतो. तो नसेल आणि व्हॅक्यूम फार वाढला, तर उडणाऱ्या तेलावर जगणारी गजन पिन कोरडी पडू लागते. ऑइल पंपाला तेल मिळतं तेही चेंबरमधला दाब ते वर ढकलतो म्हणून. तो दाब काढून घेतला की ऑइल प्रेशर उतरतं. कंपनीच्या रिंगा असलेल्या इंजिनात पंपाचा फायदाही थोडाच होतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच क्रम सांगतो. आधी लीक-डाउन टेस्ट करा. रिंगा आणि होनिंग ठीक आहे का बघा. मग जाड, कुठेही न लोंबणारी नळी घालून आत पडदे असलेला कॅच कॅन, म्हणजे वायूतलं तेल अडवणारा डबा, पक्का बसवा. क्रँककेसला प्रेशर गेज लावा आणि पूर्ण थ्रॉटलला काटा कुठे जातो ते पाहा. पंपाचा विचार त्यानंतर. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत मात्र वायू बंद नळीतून इनटेकमध्येच परत गेला पाहिजे. तेलकट धूर उघड्यावर सोडायचा हक्क कुणालाही नाही.

‘हौशी शर्यतीत एवढा कडकपणा कशाला?’ असं मला विचारतात. अमेरिकेतली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन 1951 पासून हा खेळ चालवते. तिच्या व्यावसायिक गटांत पट्टीवर तेल सांडणाऱ्याचे गुण कापतात आणि दंडही करतात. टॉप फ्युएल गाड्यांना इंजिनाखाली तेल अडवणारं आवरण सक्तीचं आहे. आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीसारख्या विमानाच्या धावपट्टीवर शर्यती झाल्या आहेत. तिथं तुमच्या गाडीनं सांडलेल्या तेलावरून तुमच्यानंतरचा मुलगा पूर्ण वेगात जाणार असतो. तुमच्या चुकीची किंमत त्यानं का मोजावी? लाखांच्या टर्बोपुढे कॅच कॅनचा खर्च काहीच नाही, त्यामुळे परवडत नाही ही सबबही चालणार नाही.

आयोजकांना माझी विनंती आहे. तपासणीच्या वेळी हेल्मेटइतक्याच काटेकोरपणे तीन गोष्टी पाहा: कॅच कॅन घट्ट बसवलेला आणि रिकामा आहे का, ब्रीदरची नळी त्यातच संपते का, आणि इंजिन रेस केल्यावर खाली थेंब पडतो का. एक जरी गोष्ट चुकली तरी गाडी परत पाठवा, मग ती कुणाचीही असो.