आठवीची अट गेली, पण शिकवणार कोण?

आपल्या मोहल्ल्यांमध्ये एक वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं: "शिकून काय करणार, शेवटी गाडीच चालवायचीय ना?" बोलणाऱ्याला वाटतं, तो पोराला वास्तव सांगतोय. पण या एका वाक्यात दोन खोट्या गोष्टी आहेत. एक, गाडी चालवायला शिकावं लागत नाही. दोन, गाडी चालवणं ही शाळेत नापास झालेल्यांना मिळणारी शिक्षा आहे. या दोन समजुतींची किंमत भिवंडीच्या गोदामांपासून मालेगावच्या बाजारापर्यंत आपली पोरं मोजतायत. ती कधी पैशात मोजली जाते, कधी कोर्टाच्या तारखांत, आणि कधी कुणाच्या तरी जिवात.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा 1988 नुसार 18 व्या वर्षी हलक्या मोटार वाहनाचा शिकाऊ परवाना काढता येतो. किमान 30 दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. व्यावसायिक, म्हणजे आपल्या भाषेत 'टीआर' किंवा 'हेवी' परवाना हवा असेल, तर आधी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हातात असावा लागतो आणि वय 20 पूर्ण असावं लागतं. सोबत मोटार ड्रायव्हिंग स्कूलचं प्रशिक्षण प्रमाणपत्र आणि नोंदणीकृत डॉक्टरचं वैद्यकीय प्रमाणपत्र. परवाना मिळाल्यावर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. बस, एवढंच.

म्हणजे 18 व्या वर्षी नीट सुरुवात करणारा मुलगा 20 व्या वर्षी कायदेशीरपणे हेवी गाडीच्या परवान्याला पात्र होतो. पण आपल्याकडे होतं काय? 15-16 व्या वर्षी शाळा सुटते, पोरगा क्लीनर म्हणून ट्रकवर चढतो, उस्ताद रात्री हायवेवर झोप लागली की स्टिअरिंग त्याच्या हातात देतो. 20 वर्षांचा होईपर्यंत तो घाट उतरवायला शिकलेला असतो, पण त्याच्या खिशात एकही कागद नसतो. मग घाईघाईने एजंट गाठायचा आणि सगळं एकदम 'करून घ्यायचं'. जे दोन वर्षांत रीतसर झालं असतं, ते दोन आठवड्यांत काही हजार देऊन गैर मार्गाने होतं. उस्तादाने हात शिकवला, हे खरं. त्याचा मान राखू. पण उस्ताद कायदा शिकवत नाही, विमा शिकवत नाही, आणि अपघात झाल्यावर पोलीस ठाण्यात आपल्यासोबत बसतही नाही.

आता सरकारकडे वळू, कारण दोष फक्त आपला नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 8 सांगायचा की व्यावसायिक परवान्यासाठी किमान आठवी पास हवं. जून 2019 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ही अट काढण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्याच वर्षी ती नियमांतून गेली. कारण काय दिलं? हरियाणा सरकारने मेवात भागातल्या गरीब चालकांसाठी अट शिथिल करण्याची विनंती केली होती. तिथल्या अनेकांच्या हाती गाडी चालवण्याचं कौशल्य आहे, पण शाळेचा दाखला नाही, असं ते म्हणणं होतं. शिवाय देशाला सुमारे 22 लाख चालकांचा तुटवडा आहे, असं मंत्रालयाने सांगितलं.

मेवात म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. मेव मुसलमानांचा, दिल्लीपासून जेमतेम दोन तासांवरचा, आणि तरीही देशातल्या सर्वात मागास भागांपैकी एक. तिथल्या पोरांना आठवीपर्यंत शिकवणं हे राज्याचं काम होतं. ते जमलं नाही, तेव्हा राज्याने आठवीची अटच काढा म्हटलं. मी अट काढण्याच्या विरोधात नाही. आठवीचा दाखला ब्रेक लावत नाही, आणि ज्याचं शिक्षण गरिबीने हिरावलं त्याची रोजीरोटीही हिरावणं हा दुहेरी अन्याय होता. पण अट काढताना सरकारने स्वतःच म्हटलं होतं की यापुढे भर प्रशिक्षणावर आणि कौशल्य चाचणीवर असेल. त्या भरवशाचं काय झालं, हे विचारायचा हक्क मेवातला आहे आणि मुंब्र्यालाही आहे.

2021 मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले. कागदावर ते चांगले आहेत: हलक्या वाहनासाठी चार आठवड्यांत 29 तास, जड वाहनासाठी सहा आठवड्यांत 38 तास, आणि तिथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची वाहन चाचणी माफ. पण जड वाहनाच्या अशा केंद्राला दोन एकर जागा लागते. आता मला सांगा, भिवंडीत, मालेगावात, मुंब्र्यात, जिथे गाडी चालवणारी पोरं राहतात तिथे, दोन एकर मोकळी जागा कोणाकडे आहे? खाजगी माणूस ती आणणार नाही. आणू शकतं ते सरकार, महापालिका, एसटी महामंडळ. आणि सहा आठवडे कमाई बुडवून शिकायला बसणाऱ्या मुलाच्या घरची चूल कोण पेटवणार? विद्यावेतनाशिवाय प्रशिक्षण म्हणजे गरिबाला दाखवलेलं दुकान, आत जायला पैसे नाहीत.

जानेवारी 2024 मध्ये भारतीय न्याय संहितेतल्या 'हिट अँड रन'च्या कलमाविरुद्ध देशभर ट्रकचालकांनी चक्का जाम केला. दहा वर्षांची शिक्षा ऐकून घाबरणं स्वाभाविक होतं. सरकार नमलं, ते कलम बाजूला ठेवलं गेलं. पण प्रशिक्षणासाठी, चाचणीच्या ट्रॅकसाठी, विद्यावेतनासाठी झालेला असा चक्का जाम तुम्हाला आठवतो का? शिक्षा कमी करा म्हणायला आपण रस्त्यावर येतो. शिकवा म्हणायला येत नाही.

आता एजंटबद्दल. हा भाग मी थोडा अधिकाराने लिहितो, कारण पोर्टल, फॉर्म आणि ओटीपी हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे.

परवान्याचं सगळं काम 'सारथी' पोर्टलवर होतं. आधारशी मोबाइल जोडलेला असेल तर शिकाऊ परवान्याची चाचणीही घरून देता येते. प्रश्न मराठीत मिळतात. 60 टक्के बरोबर आले की पास. सरकारी शुल्क पाहा: शिकाऊ परवाना 150, त्याची चाचणी 50, वाहन चाचणी 300, पक्का परवाना 200. एका प्रकारच्या वाहनाचे झाले 700 रुपये, वर किरकोळ सेवा शुल्क. यापुढचे सगळे पैसे आपण भीतीपोटी देतो.

आणि पैसे तरी परत मिळवता येतात. मोबाइल नंबर नाही. एजंट फॉर्म भरताना सर्रास स्वतःचा नंबर टाकतो, कारण ओटीपी त्याला पटकन हवा असतो. पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं असतं, पत्ता बदलायचा असतो, तेव्हा ओटीपी जातो एजंटच्या फोनवर. तोवर एजंटने दुकान बदललेलं असतं, नंबर बंद झालेला असतो. परवाना तुमचा, चावी त्याच्याकडे. बँक खात्याचा पिन आपण कुणाला देत नाही, मग ज्या कागदावर घर चालतं त्याची चावी का देतो?

वैद्यकीय प्रमाणपत्राचंही तेच. त्या नमुन्यात डॉक्टरने तपासायचं असतं की उमेदवाराला 25 मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का. रात्रभर नाशिक-मुंबई फेऱ्या करणाऱ्या माणसासाठी हे प्रश्न शोभेचे नाहीत. पण एजंटच्या पाकिटात डॉक्टरची सही आधीच असते. आमच्या धंद्यात न तपासलेला कोड सर्व्हरवर चढवला तर फार तर वेबसाइट बंद पडते. इथे न तपासलेले डोळे कसारा घाट उतरतात.

"पण भाईजान, एजंटशिवाय आरटीओत कामच होत नाही, मुद्दाम नापास करतात." हा आक्षेप मी टाळणार नाही. रांगेत ताटकळत ठेवलं जातं, नाव वाचून सूर बदलतो, कारण न सांगता नापास केलं जातं, हे घडतं. पण एजंट हा त्यावरचा इलाज नाही, तो त्याच रोगाचा भाग आहे. प्रत्येक मुलगा पैसे देऊन मोकळा होतो म्हणून तक्रार कोणीच नोंदवत नाही, आणि तक्रार नाही म्हणून वर सगळं ठीक दिसतं. नापास झालात तर कारण लेखी मागा, पुन्हा चाचणी द्या, 'आपले सरकार'वर तक्रार टाका, माहिती अधिकारात विचारा. एकट्याने कठीण आहे. दहा जणांनी मिळून तेवढं कठीण नाही.

कागदाची खरी किंमत मात्र अपघातानंतर कळते. समजा, कर्ज काढून घेतलेला टेम्पो तुमचा आहे आणि चालवणाऱ्याचा परवाना त्या गाडीसाठी वैध नाही, किंवा मुदत संपलेली आहे. पूर्वी मुदत संपल्यावर 30 दिवसांची सवलत होती, 2019 च्या दुरुस्तीने तीही गेली. अपघातात कुणी दगावलं, तर न्यायाधिकरण भरपाई ठरवतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या स्वर्ण सिंग निकालापासून वाट ठरलेली आहे: विमा कंपनीला मृताच्या कुटुंबाला पैसे द्यायला सांगितलं जातं, आणि मग ती ते गाडीमालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे टेम्पो गेला, कर्ज राहिलं, वर काही लाखांची वसुली. एका मुलाने वाचवलेल्या दोन दिवसांचं हे बिल सगळं घर फेडत बसतं.

आणि याच्या उलट, जिथे गरज नाही तिथेही आपण पैसे भरतो. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की एकूण वजन 7,500 किलोपर्यंतचं मालवाहू वाहन हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालवता येतं, वेगळी नोंद लागत नाही. छोटा हत्ती, पिकअप यात येतात. ई-रिक्षा आणि धोकादायक माल यांचे नियम वेगळे, भाड्याने प्रवासी नेण्यासाठी राज्याचा बॅच-बिल्लाही वेगळा. पण भाजीचा पिकअप चालवणाऱ्याला 'टीआर काढावाच लागेल' सांगून पैसे घेणारा एजंट त्याला सरळ फसवतोय. घटनापीठाचा निकाल आपल्या बाजूने लागतो आणि आपल्या मोहल्ल्यात त्याची खबर पोचत नाही. ही जबाबदारी आपल्यातल्या शिकलेल्यांची आहे. नोकरी लागली, सोसायटीत फ्लॅट घेतला, आणि मोहल्ल्याशी संबंध ईदपुरता उरला, त्यांची.

आता परत त्या वाक्याकडे: "शेवटी गाडीच चालवायचीय ना?"

आठवीची अट खालच्या दारावरून निघाली. वरच्या दारांवर अटी तशाच आहेत. एसटीच्या चालक तथा वाहक पदासाठी दहावी पास लागतं. धोकादायक मालाचा टँकर चालवायचा, तर केंद्रीय नियमांनुसार एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी लागते, आणि वेगळं प्रशिक्षण लागतं. म्हणजे याच धंद्यात, याच स्टिअरिंगमागे, शाळा सोडलेल्याला एक जागा आहे आणि दहावी झालेल्याला दुसरी. पहिली रोजंदारीची, दुसरीत पगार, भविष्य निर्वाह निधी, रजा. ज्याला गाडी चालवायचीय त्याने तर शाळा मुळीच सोडू नये.

आणि मुलींचं काय? राज्याच्या पिंक ई-रिक्षा योजनेत 20 टक्के अनुदान सरकारचं, 10 टक्के रक्कम लाभार्थी महिलेची, उरलेलं 70 टक्के कर्ज. पण परवाना तर हवा. 'आपल्या बायका रिक्षा चालवणार का' या चर्चेत दुपार घालवणाऱ्यांनी एवढंच सांगावं की घरातल्या विधवेने, तलाक झालेल्या बहिणीने, मग करायचं काय? तिच्या घराचं भाडं हे चर्चेकरी भरणार आहेत का?

मागण्या साध्या आहेत. जिथे चालक राहतात तिथे, सरकारी जागेवर, जड वाहनाचं प्रशिक्षण केंद्र हवं. प्रशिक्षणाच्या सहा आठवड्यांचं विद्यावेतन हवं, आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाने गाडीच्या कर्जाआधी प्रशिक्षणाला पैसा द्यावा. चाचणीत नापास केलं तर कारण लेखी मिळावं.

पण सरकार हलेपर्यंत थांबायचं कारण नाही. प्रत्येक मोहल्ल्यात एक वाचनालय, एक मंडळ, एक शिकवणी आहेच. तिथे रविवारी दोन तास एक लॅपटॉप ठेवा. 18 पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलामुलीचा अर्ज त्याच्याच नंबरवर भरा. जुन्या चालकांचे परवाने तपासा, कोणाची मुदत कधी संपते त्याची यादी भिंतीवर लावा. कॉलेजच्या पोरांनी सराव चाचणी घ्यावी आणि उस्तादांनी घाट कसा उतरवायचा ते सांगावं. याला देणगी लागत नाही, परवानगी लागत नाही, भाषण तर मुळीच लागत नाही. येत्या रविवारी सुरू करता येतं.