तंबूतली १९ मिनिटं

हॉरर सिनेमा म्हटलं की काय आठवतं? करकरणारं दार, कानठळ्या बसवणारं म्युझिक, आरशात मागे उभी असलेली बाई. ग्रुपने बघायला बसलं की अर्धे जण उशीच्या आडून बघतात आणि उरलेले 'आता येणार, आता येणार' करत बसतात. पण ज्यात सुमारे १९ मिनिटं कॅमेरा जागचा हलत नाही, एकही कट नाही, पार्श्वसंगीत नाही आणि समोर फक्त तंबूत बसलेली दोन माणसं दिसतात, असा हॉरर सिनेमा तुम्ही बघाल का?

बघा, असं आमचं म्हणणं आहे. त्याचं नाव 'विलो क्रीक'. २०१३ चा, तुटपुंज्या बजेटचा, जेमतेम ८० मिनिटांचा अमेरिकन सिनेमा. दिग्दर्शक बॉबकॅट गोल्डथ्वेट हा मूळचा कॉमेडियन. 'पोलीस अ‍ॅकॅडमी'च्या सिनेमांत चित्रविचित्र आवाज काढून हसवणारा तो हाच. त्याला माणसांना घाबरवायचं होतं आणि हाताशी पैसे फारसे नव्हते. मग त्याने एक जोडपं, एक कॅमेरा आणि एक जंगल घेतलं.

गोष्ट सरळ आहे. जिमला लहानपणापासून 'बिगफूट'चं वेड. उत्तर अमेरिकेच्या जंगलात दोन पायांवर चालणारा, केसाळ, धिप्पाड प्राणी राहतो अशी समजूत आहे, तो हा बिगफूट. आपल्याकडे हिमालयातल्या यतीच्या गोष्टी सांगतात ना, त्याचाच चुलतभाऊ समजा. ऑक्टोबर १९६७ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या ब्लफ क्रीक इथे रॉजर पॅटरसन आणि बॉब गिमलिन या दोघांनी अशा प्राण्याचं मिनिटभराचं चित्रण केल्याचा दावा केला. तो खरा प्राणी की केसाळ सूट घातलेला माणूस, हा वाद अजून मिटलेला नाही. जिमला त्याच जागी जाऊन डॉक्युमेंटरी करायची आहे. त्याची गर्लफ्रेंड केली हिचा या सगळ्यावर काडीचाही विश्वास नाही. ती आली आहे ती फक्त त्याच्यासाठी.

विलो क्रीक हे खरंखुरं गाव आहे. तिथे बिगफूटचा पुतळा आहे, म्युझियम आहे. सिनेमाचा पहिला भाग या गावातच जातो. जिम लोकांच्या मुलाखती घेतो आणि यातली बरीच माणसं नट नाहीत, खरोखरची आहेत. हा भाग बघताना हसू येतं. 'कधी सुरू होणार हॉरर?' असंही वाटतं. इथेच बरेच जण सिनेमा बंद करतात. तुम्ही करू नका.

कारण कमी बजेटच्या सिनेमाचं गणित इथे कळतं. पैसे असले की राक्षस दाखवता येतो. पैसे नसले की राक्षसाला घाबरणारी माणसं दाखवावी लागतात. १९९९ च्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'ने हे सिद्ध केलं होतं. तीन विद्यार्थी जंगलात डॉक्युमेंटरी करायला जातात आणि परत येत नाहीत, एवढीच ती गोष्ट. चित्रीकरणाचा खर्च लाखभर डॉलरच्याही आत, कॅमेरे बऱ्याच वेळा कलाकारांच्याच हातात, आणि जगभरातली कमाई २४ कोटी डॉलरच्या पुढे. पूर्ण सिनेमात चेटकीण एकदाही दिसत नाही. 'विलो क्रीक'ने तीनाची दोन माणसं केली. आता दोनच माणसं म्हटल्यावर सिनेमा आपोआप त्यांच्या नात्यावर येतो. कोण ठरवतं, कोण ऐकतं, कोण मन मारून सोबत जातं, हेच बघायला उरतं.

आता तो तंबू. रात्र आहे. कॅमेरा दोघांच्या समोर ठेवलेला. दूर कुठेतरी लाकडावर लाकूड आपटल्यासारखा आवाज येतो. दोघं थांबतात. पुन्हा आवाज. जिमचा चेहरा आधी खुलतो, स्वप्न खरं होतंय म्हणून. केलीचा खुलत नाही. मग हाक म्हणावी की विव्हळणं, असं काहीतरी ऐकू येतं, आणि ते जवळ येत जातं. आपल्याला तंबूच्या बाहेरचं काही म्हणजे काहीच दिसत नाही. दिसतात ते दोन चेहरे. कट नसल्यामुळे सुटकाही नसते. नेहमीच्या हॉररमध्ये सीन बदलला की आपण श्वास सोडतो, इथे दिग्दर्शक तो सोडू देत नाही. अलेक्सी गिलमोर आणि ब्राइस जॉन्सन या दोघांनी ही १९ मिनिटं फक्त डोळ्यांनी आणि कुजबुजीने तोलली आहेत. जमलं तर हेडफोन लावून बघा आणि मोबाइल लांब ठेवा. मध्येच रील बघितलंत तर हा सीन मेलाच म्हणून समजा.

मला मात्र आवाजांपेक्षा आधीचा एक प्रसंग जास्त लक्षात राहिला. जंगलात जिम केलीला लग्नाचं विचारतो आणि ती आत्ता नको म्हणते. झिडकारत नाही, पण मनात नसताना हो म्हणत नाही. जिमला वाईट वाटतं, पण तो ते ऐकून घेतो. म्हणजे या मुलाला 'नको' ऐकता येतं. तरीही जंगलात जाऊ नका हे बाकीच्यांचं सांगणं त्याला ऐकू येत नाही. वाटेत एक जण तर दरडावून परत पाठवू बघतो. जिम पुढे जातो आणि केली त्याच्याबरोबर जाते. तो वाईट नाही. त्याच्या हौसेपुढे त्याला दुसरं काही दिसत नाही, इतकंच.

पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, कॅनडातून 'बॅककंट्री' आला. दिग्दर्शक अ‍ॅडम मॅकडोनाल्डचा हा पहिलाच मोठा सिनेमा. पुन्हा एक जोडपं, पुन्हा तंबू. इथे ॲलेक्सला जंगलाची माहिती आहे, म्हणजे त्याला तसं वाटतं. नकाशा देऊ केला तर तो घेत नाही. जेनचा फोन गाडीतच राहील अशी व्यवस्था करतो. त्या जंगलात बिगफूट वगैरे नाही, साधं अस्वल आहे. पण तो फोन गाडीत राहतो तिथेच खरी भीती सुरू होते. दोन्हींचा शेवट सांगत नाही, तो तुमचा तुम्ही बघा.

'अरे, सिनेमाच आहे, एवढा काय विचार?' असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, पण पवना नाहीतर भंडारदऱ्याला टेंटमध्ये राहायचे प्लॅन आपलेही होतात. अशा प्लॅनमध्ये एक जण लीडर असतो, 'मला रस्ता माहितीये' म्हणणारा. आणि एक जण असा असतो ज्याला अंधार पडायच्या आत परत फिरावंसं वाटतं, पण तो बोलत नाही. बोललं तर काय होतं? 'घाबरट', 'मूड घालवला', 'तू ना, घरीच बसायला हवं होतंस.' मुलगी असेल तर 'मुलींना आणलं की असंच होतं' हेही वर. मुलगा असेल तर बोलायची सोयच नाही. मग सगळे हसत हसत पुढे जातात.

म्हणून पुढच्या प्लॅनच्या आधी एवढं ठरवून टाका. ग्रुपमधल्या एकालाही जरी परत फिरायचं असेल, तरी सगळ्यांनी फिरायचं, कारण विचारायचं ते खाली आल्यावर. कुठे चाललोय ते घरी कुणाला तरी खरं सांगायचं. आणि ज्याचा फोन त्याच्याच खिशात.

आणि कॉलेजच्या फेस्टसाठी हॉरर शॉर्टफिल्म करणार असाल, तर पांढरी साडी आणि धुराचं मशीन या वर्षी राहू द्या. दोन मित्र, एक खोली आणि बाहेरून येणारा एक आवाज घ्या. एकाला दार उघडायचंय, दुसऱ्याला नाही. कट न करता दहा मिनिटं कॅमेरा त्यांच्यावर ठेवून बघा.