कोणी सांगितलं?

आमच्या घरातले भिंतीवरचे घड्याळ दहा मिनिटे पुढे असते. हे घरातल्या सर्वांना ठाऊक असल्यामुळे प्रत्येकजण मनातल्या मनात दहा मिनिटे वजा करतो आणि घड्याळ पुढे ठेवल्याचा फायदा कोणालाच होत नाही. गेल्या वर्षी दिवाळीची जळमटे काढताना चिरंजिवांनी ते बरोबर लावले. दुसऱ्या दिवशी मी सवयीने दहा मिनिटे वजा केली आणि माझी बस चुकली.

"कोणी सांगितलं होतं तुला शहाणपणा करायला?" मी संध्याकाळी विचारले.

"बाबा, ते चुकीचं होतं. पुढे ठेवायला कोणी सांगितलं होतं?"

"पूर्वीपासून आहे ते!" मी म्हणालो. उत्तर नसले की माणूस हेच उत्तर देतो.

आता योगायोग पाहा. मी एका घाऊक व्यापाराच्या कचेरीत संगणकावरच्या खातेवह्या सांभाळतो. गिऱ्हाइके, माल, येणे-देणे, सारे काही पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये असते. १९८६ साली अमेरिकेत बर्कली येथील विद्यापीठात सुरू झालेला हा प्रकल्प आज जगभर वापरला जातो. त्याच्या वागण्याचे तीनशेहून अधिक नियम असतात. एका वेळी किती जणांना आत घ्यायचे, कोणत्या कामाला किती स्मृती द्यायची, वगैरे. 'वर्क मेम' हा त्यांतलाच एक. यादी लावण्यासारख्या एका कामाने किती स्मृती वापरावी, हे तो ठरवतो.

वसुबारसेच्या दिवशी, मागण्यांची गर्दी ऐन रंगात असताना, आमचा सर्व्हर कोसळला. उभा केला, तासाभराने पुन्हा कोसळला. फोन वाजू लागले. दोनच दिवसांपूर्वी आमच्या नव्या मदतनिसाने नियमांच्या मुख्य फाइलीत हात घातला होता, एवढे मला आठवले. आठवले म्हणजे काय, तेवढेच मला हवे होते!

"काय करून ठेवलंस?" मी सर्वांदेखत विचारले.

"सर, मी वर्क मेम सोळा एमबी केलं. कमीच केलं. फाइल बघा ना."

फाइलीत सोळाच होते. पण मी रागात होतो. मुलगा उमेदवारीवर होता आणि त्याला कायम करण्याबद्दलचा माझा शेरा त्याच आठवड्यात जायचा होता. कागदावर मी 'हलगर्जी' हा शब्द लिहिलासुद्धा.

तो बिचारा खाली मान घालून म्हणाला, "सर, एकदा पीजी सेटिंग्ज बघू या का?"

ही पोस्टग्रेसमधली एक सोय आहे. प्रत्येक नियम आज काय आहे, एवढेच ती सांगत नाही, तो आला कोठून हेही सांगते. मुळातलाच आहे, की फाइलीतून आला, की एखाद्या डेटाबेसपुरता वा एखाद्या माणसापुरता ठरवला आहे. फाइलीतून आला असेल तर कोणती फाइल आणि कितवी ओळ, हे २००९ पासून कळते. घरात थोरल्यांचा शब्द शेवटचा असतो. येथे उलटे आहे. सर्वांसाठी सांगितलेल्यापेक्षा एकट्यासाठी सांगितलेले वरचढ, आणि आधी वाचलेल्या फाइलीपेक्षा नंतर वाचलेली वरचढ.

आम्ही विचारले. उत्तर आले २६२१४४, म्हणजे किलोबाइटच्या हिशेबात २५६ एमबी. फाइल मुख्य नव्हेच. नाव 'पोस्टग्रेस्क्यूएल डॉट ऑटो डॉट कॉन्फ', ओळ तिसरी.

ही दुसरी फाइल २०१४ साली आली. 'ऑल्टर सिस्टिम' असा हुकूम सोडला की तो तीत लिहिला जातो आणि ती मुख्य फाइलीनंतर वाचली जाते. तेव्हा मुलाने मुख्य फाइलीत सोळा लिहिले काय किंवा साठ, ऐकतो कोण? शंभर माणसांनी एकदम एकेक यादी मागितली की २५,६०० एमबी लागणार. आमच्या यंत्रात सारी मिळून ३२ जीबी, त्यांतले ८ आधीच राखून ठेवलेले. दिवाळखोरी ठरलेलीच!

पण हुकूम सोडला कोणी? मायएसक्यूएल नावाच्या दुसऱ्या डेटाबेसात २०१८ च्या आवृत्तीपासून कोणी आणि केव्हा बदलले तेही नोंदले जाते. आमच्या या फाइलीत तशी नोंद नसते. म्हणून मी माझ्या जुन्या डायऱ्या काढल्या. तीन वर्षांपूर्वीच्या ३१ मार्चच्या पानावर माझ्याच अक्षरात होते: 'वर्षअखेरचा अहवाल अडला. वर्क मेम २५६ केले. उद्या पूर्ववत करणे.'

तो उद्या उजाडलाच नव्हता. तेव्हा कचेरीत तीस माणसे काम करीत, म्हणून निभावले. आता शंभर झाली होती.

हुकूम मागे घेतला, नियम पुन्हा वाचायला लावले. सर्व्हर शांत झाला. मी तो शेऱ्याचा कागद फाडला आणि ज्यांच्यासमोर मुलाला बोललो होतो त्यांच्यासमोरच डायरीचे पान वाचून दाखवले. सोपे गेले नाही. तो एवढेच म्हणाला, "असू द्या, सर." त्या 'असू द्या'ने मला जास्तच लागले.

घरी आलो तो आई फराळाच्या ताटलीत अनारसे मांडीत होती. मी सहज विचारले, "आई, घड्याळ दहा मिनिटं पुढे कोणी ठेवलं गं?"

"तुझ्या बाबांनी. तू मॅट्रिकला होतास. रोज शाळेला उशीर व्हायचा तुला. तुझ्यासाठीच केलं होतं त्यांनी."

बाबांना जाऊन अकरा वर्षे झाली. मी काही बोललो नाही. चिरंजिवांनी न सांगता स्टूल आणले आणि काटा दहा मिनिटे पुढे सरकवला. मी एक चिठ्ठी लिहून घड्याळाच्या पाठीमागे चिकटवली. कोणी, केव्हा, कशासाठी.

कचेरीतही आता तसाच नियम केला आहे. कोणी केला म्हणून पुढे कोणी विचारलेच, तर खाली माझी सही आहे.